नवीन सिस्टर जॉइन झाली म्हणजे स्टाफ वाढला असं नसतं

वॉर्डच्या भिंतीवर नवीन ड्यूटी लिस्ट लागली की वरचे लोक नावं मोजतात. वीस पाहिजेत, वीस आहेत, मग तक्रार कसली. आम्ही वॉर्डातले लोक नावं मोजत नाही, आम्ही आधी नाईट बघतो, नाईटला कोण कोण आहे आणि त्यातलं कोण असं आहे की रात्री तीनला एखाद्याचं बीपी पडलं तर कुणी सांगायची वाट न बघता हात चालवेल. त्याच वीस नावांवर एक महिना वॉर्ड सुरळीत जातो, पुढच्या महिन्यात रोज काही ना काही बोंब, आणि कागदावर मात्र दोन्ही महिने सारखेच दिसतात. त्या फरकाबद्दलच लिहायचंय. मी बरीच वर्षं वॉर्डात काढली, शेवटची काही इनचार्ज म्हणून, आणि हे घरच्यांना, मित्रांना, एकदा तर आमच्याच अकाउंट्सच्या माणसाला समजावून सांगताना माझी दमछाक झालीय, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

आधी टर्नओव्हर म्हणजे काय ते. वर्षभरात किती जण सोडून गेले भागिले सरासरी स्टाफ किती, बस एवढंच. वीस जणींच्या वॉर्डातून वर्षात चार गेल्या तर टर्नओव्हर २० टक्के. आकडा ऐकायला काही भयंकर वाटत नाही, चार गेल्या चार आल्या, हिशोब मिटला. पण आता यात शिकवण्याचा वेळ घाला. समजा नव्या मुलीला पहिले दहा आठवडे कुणीतरी सिनियर सोबत लागते, हिला प्रीसेप्टर म्हणतात, म्हणजे नवीनला हाताशी घेऊन शिकवणारी. चार मुली गुणिले दहा आठवडे, झाले चाळीस. वर्षाचे आठवडे बावन्न. म्हणजे त्या एकामागून एक आल्या तर वर्षातले फक्त बारा आठवडे असे उरतात की वॉर्डात कुणी कुणाला शिकवत नाहीये. आणि त्या कधीच अशा शिस्तीत एकामागून एक येत नाहीत, दोन एकदम येतात, मग दोन सिनियर एकदम अडकतात, त्यातली एक आजारी पडली की नवीन मुलगी तिसरीच्या गळ्यात.

अजून एक गोष्ट त्या २० टक्क्यांत लपते. चार गेल्या म्हणजे कोण गेल्या? दरवर्षी आलेल्याच नवीन चार मुली वर्षाच्या आत निघून जात असतील तर जुन्या सोळा जणी तोच पहिला धडा वर्षानुवर्षं शिकवतायत, आणि त्या शिकवण्यातून वॉर्डाला काही मिळत नाही. उलट दरवर्षी दहा-पंधरा वर्षांच्या चार जणी जात असतील तर शिकवणारेच संपतायत. आकडा तोच पण आजार वेगळे, औषध वेगळं. आणि एखादी सिस्टर हॉस्पिटल न सोडता दुसऱ्या वॉर्डात बदलून गेली तर एचआरच्या हिशोबात टर्नओव्हर शून्य असू शकतो, वॉर्डाला मात्र धक्का तेवढाच बसतो.

मग माणूस गेल्यावर काय होतं ते बघा. राजीनामा, नोटीस पिरियड, जागा भरायची मंजुरी, जाहिरात, इंटरव्ह्यू, सर्टिफिकेट आणि रजिस्ट्रेशन तपासणी, निवडलेल्या मुलीचा आधीच्या ठिकाणचा नोटीस पिरियड, असं करत करत महिने जातात आणि तेवढे महिने ती जागा बाकीच्यांच्या ओव्हरटाइमवर आणि कॅन्सल झालेल्या ऑफवर चालते. मग एकदाची ती जॉइन होते, पहिले काही दिवस ओरिएंटेशन, आग लागली तर काय करायचं, हात कसे धुवायचे, कचऱ्याच्या कुठल्या पिशवीत काय टाकायचं, सुया कुठे. मग वॉर्डात येते तेव्हा तिचा कॉम्प्युटरचा लॉगिन आलेला नसतो (दर वेळी! एकदाही वेळेवर आलेला मी पाहिला नाही), त्यामुळे तिने केलेल्या कामाची नोंद पण प्रीसेप्टरच करते. म्हणजे ज्या दिवशी लिस्टवर एक नाव वाढलं त्या दिवशी प्रत्यक्षात वॉर्डाची ताकद कमी झाली.

मी नवीन लोकांना हे असं सांगते की नवीन सिस्टर आधी उणे असते, मग शून्य, मग अधिक. उणे म्हणजे ती जेवढं काम करते त्यापेक्षा जास्त दुसऱ्याचा वेळ घेते. शून्य म्हणजे स्वतःचं स्वतः करते पण वॉर्डाला वर काही देत नाही. अधिक म्हणजे तिच्यामुळे दुसऱ्याचं ओझं हलकं होतं. यात तिचा काही दोष नाही, सगळे याच रस्त्याने येतात. दोष त्या लिस्टचा आहे जी तिघींना एकच धरते.

आता बाहेरचे लोक विचारतात की तीन-चार वर्षं शिकून पास होऊन येतात ना मग अजून काय शिकवायचं. प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना मी पोटॅशियमचं उदाहरण देते.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम कमी आलं, डॉक्टरांनी सलाईनमधून पोटॅशियम लिहिलं. नवीन मुलीला पुस्तकातलं सगळं येतं, कॉन्सन्ट्रेटेड पोटॅशियम कधीही डायरेक्ट शिरेत मारायचं नाही, पातळ करून हळूहळू द्यायचं, नाहीतर हृदय बंद पडू शकतं. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच तिला झोपेत विचारा. पण आता ती ट्रे घेऊन उभी आहे आणि प्रश्न असे आहेत. रिपोर्ट कधीचा, सकाळचा की कालचा? मध्ये पेशंटला अजून काही दिलंय का? लघवी किती झालीय, कारण किडनी काम करत नसेल तर वर टाकलेलं पोटॅशियम बाहेर जाणार कुठून? हातातली कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली सलाईनची बारीक नळी, किती दिवसांची आहे, शीर दुखतीये का, कारण पोटॅशियम शिरेत जळजळतं आणि लाईन जराशी बाहेर सरकली असेल तर हात सुजतो. सलाईन मोजून सोडणाऱ्या पंपावर ताशी किती एमएल टाकायचे, आणि बाटलीत मिसळल्यावर बाटली नीट हलवली का, नाहीतर जड पोटॅशियम खालीच बसतं आणि पहिल्याच काही मिनिटांत जास्त जातं. हे औषध धोक्याच्या यादीतलं, त्यामुळे दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्र तपासून सही करायची, आणि ती दुसरी सिस्टर आत्ता दुसऱ्या पेशंटचं ड्रेसिंग करतीये. तेवढ्यात चार नंबरच्या नातेवाइकांनी हाक मारली, फोन वाजला, आणि पंप ओरडायला लागला कारण पेशंटने कोपर दुमडलं.

सिनियर सिस्टर चालता चालता पेशंटचा हात सरळ करते, पंप चालू करते, नातेवाइकांना "आलेच" म्हणते आणि पोटॅशियमवरचं लक्ष ढळू देत नाही. नवीन मुलगी पंपाची बटणं दाबत बसते. मग प्रीसेप्टर सांगते, "आधी पेशंटकडे बघ, मशीनकडे नंतर." एवढं एक वाक्य. पण ते त्याच क्षणी, त्याच पंपासमोर सांगावं लागतं, वर्गात सांगून उपयोग नाही, आणि अशी शेकडो वाक्यं असतात.

हे वर्ग आणि वॉर्डातलं अंतर कुठून आलं याची पण एक गोष्ट आहे. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची नर्सिंग शाळा सुरू झाली, आणि तिथून पुढे जवळपास शंभर वर्षं बऱ्याच देशांत पद्धत अशी होती की शिकणाऱ्या मुली हॉस्पिटलातच राहायच्या आणि हॉस्पिटल त्यांच्याच जिवावर चालायचं. त्यांची पिळवणूक व्हायची यात शंका नाही, पुस्तकी शिक्षण बेताचंच, ढोर मेहनत. पण पास होईपर्यंत तो वॉर्ड त्यांच्या अंगवळणी पडलेला असायचा. विसाव्या शतकात शिक्षण हळूहळू कॉलेज आणि युनिव्हर्सिटीत गेलं आणि ते चांगलंच झालं, आजच्या मुलींना आमच्यापेक्षा जास्त कळतं, औषधं का द्यायची हे कळतं. फक्त हात बसवायचं काम जे आधी तीन वर्षांत पसरलेलं होतं ते आता नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांत कोंबलं गेलं, आणि ते करायचं कुणी हे कुणी ठरवलं नाही, ते आपोआप वॉर्डातल्या सिनियरवर आलं. २०२० नंतर तर कोविडमुळे बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांना वॉर्डात यायलाच मिळालं नाही, त्या बॅचेस आल्या तेव्हा काही मुलींनी खऱ्या माणसाला इंजेक्शन फार थोड्या वेळा दिलेलं होतं, आणि नेमकं त्याच काळात जुने लोक थकून सोडून जात होते.

हात बसायला किती वेळ लागतो यावर चांगलं काम झालंय. पॅट्रिशिया बेनर नावाच्या अमेरिकन नर्सिंगच्या अभ्यासक आहेत, त्यांनी १९८४ मध्ये पाच पायऱ्या मांडल्या, नवशिकीपासून एक्स्पर्टपर्यंत. मूळ कल्पना ड्रेफस बंधूंची, त्यांनी विमानाचे पायलट आणि बुद्धिबळ खेळणारे लोक कसे तयार होतात ते बघितलं होतं, बेनर यांनी ते वॉर्डात आणलं. त्यांच्या मते तिसऱ्या पायरीला, म्हणजे जिथे माणूस स्वतः नियोजन करून दिवस सांभाळतो, तिथे यायला एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन ते तीन वर्षं लागतात. दोन ते तीन वर्षं! आणि आपण दहा आठवड्यांनी म्हणतो चला, आता ही तयार.

बेनर यांच्या कामातली मला आवडलेली गोष्ट मात्र दुसरी आहे. एक्स्पर्ट माणसाला आपल्याला काय येतं ते सांगता येत नाही. पंधरा वर्षांची सिस्टर दारातून पेशंटकडे बघते आणि म्हणते, "याचं काहीतरी बरोबर नाहीये." का विचारलं तर सांगता येत नाही, रंग, बसण्याची पद्धत, कालच्यापेक्षा कमी बोलतोय, काय ते. ती ज्ञान लपवत नाहीये, तिच्यासाठी त्या पायऱ्या कधीच पुसल्या गेल्यात. म्हणून मी एक गोष्ट उशिरा शिकले, की सगळ्यात भारी सिस्टर ही सगळ्यात भारी प्रीसेप्टर असेलच असं नाही. दोन-तीन वर्षं झालेली मुलगी पहिल्या महिन्यातल्या मुलीला जास्त चांगलं शिकवते, कारण आपण कुठे अडलो होतो ते तिला आठवत असतं. मोठ्या सिस्टरकडे नंतर पाठवायचं, सहा महिन्यांनी, डोळा तयार करायला.

डोळा तयार करणं म्हणजे काय तर श्वास मोजणं घ्या. वॉर्डातल्या जुन्या चार्टांवर नजर टाका, श्वासाच्या रकान्यात १८, १८, २०, १८ असं ओळीने लिहिलेलं दिसेल, सगळ्या पेशंटचे श्वास एकसारखे कसे काय असतील, अहो मोजलेलेच नसतात. बीपी मशीन सांगतं, ऑक्सिजन बोटावरचा चिमटा सांगतो, श्वास मात्र घड्याळ धरून अर्धा-एक मिनिट छातीकडे बघत मोजावा लागतो आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. आणि पेशंट बिघडायला लागला की सगळ्यात आधी बदलणाऱ्या गोष्टींपैकी तो एक. इंग्लंडमध्ये न्यूज नावाची स्कोअरिंग पद्धत आहे, २०१२ ला आली आणि २०१७ ला सुधारली, त्यात जास्त मार्क म्हणजे जास्त धोका, आणि मिनिटाला श्वास १२ ते २० असेल तर शून्य मार्क, २१ ते २४ झाला की एकदम दोन, २५ किंवा त्याहून जास्त झाला की तीन. म्हणजे २२ हा आकडा दिसायला साधा पण तो ओरडतोय. नवीन मुलीने खरोखर मोजून २४ लिहिला आणि पुढच्या पेशंटकडे गेली, असं माझ्या वॉर्डात झालंय. तिने चूक केली नाही, उलट मोजला हेच कौतुक. २४ चा अर्थ काय आणि आता कुणाला सांगायचं, एवढं तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिची प्रीसेप्टर त्या दिवशी दोन अ‍ॅडमिशनमध्ये होती. नंतर सिनियरने राउंड मारताना पाहिलं म्हणून निभावलं.

आणि सांगायचं पण कसं, हेही शिकवावं लागतं. रात्री डॉक्टरांना फोन करायचा म्हणजे नव्या मुलीच्या पोटात गोळा येतो. ती फोन करते आणि सुरुवात पेशंट कधी अ‍ॅडमिट झाला इथून करते, पलीकडचा झोपेतला माणूस वैतागतो, ती अजून घाबरते, पुढच्या वेळी फोनच करत नाही, आणि धोका तिथे आहे. त्यासाठी एसबार नावाची पद्धत शिकवतात, आत्ता काय झालंय, पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, तुमच्याकडून काय हवंय, या क्रमाने बोलायचं. ही मुळात अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधून हॉस्पिटलात आलेली पद्धत आहे. मी नव्या मुलींना आधी कागदावर लिहून मला "फोन" करायला लावते, मी झोपेतल्या डॉक्टरसारखी खेकसते, त्या हसतात, पण खऱ्या फोनला मग आवाज थरथरत नाही.

आता प्रीसेप्टरकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे आणि तिच्याबद्दलच कुणी बोलत नाही. तिचे स्वतःचे सहा पेशंट तसेच असतात, ते कमी होत नाहीत, वर एक शिकाऊ. नव्या मुलीने केलेल्या प्रत्येक गोष्टीवर लक्ष, चूक झाली तर जबाबदारी हिची पण, आणि स्वतः पाच मिनिटांत केलं असतं ते काम तिला वीस मिनिटं करू द्यायचं आणि गप्प उभं राहायचं, हे गप्प उभं राहणं सगळ्यात अवघड. ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला एकेका पेशंटची माहिती द्यायची, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो, ती ओव्हर नव्या मुलीला देऊ द्यायची म्हणजे घरी जायला अर्धा तास उशीर. बऱ्याच ठिकाणी याचे वेगळे पैसे नाहीत, वेगळा वेळ नाही, आणि शिकवायचं कसं याचं ट्रेनिंगही नाही. तू चांगली आहेस म्हणून तुझ्याकडे देतो. म्हणजे चांगलं काम करण्याची शिक्षा.

पहिल्या वेळी हौस असते. दुसऱ्या वेळी ठीक. पाचव्या वेळी, जेव्हा आधीच्या चारपैकी तीन निघून गेलेल्या असतात, तेव्हा सिनियर आतून बंद होते. ती नाव लक्षात ठेवायचं सोडते, नवीन मुलगी असंच म्हणते. "बघ, शिक, विचारू नकोस." बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ही खडूस आहे. नर्सेस आपल्याच पिल्लांना खातात अशी एक जुनी कुजकी म्हण इंग्रजीत आहे आणि छळणाऱ्या सिनियर असतात हे मी नाकारत नाही, मी पण एकीच्या हाताखालून गेलेय. पण पुष्कळदा तो खडूसपणा म्हणजे थकवा असतो. ज्या झाडाला पाणी घालून उपयोग नाही असं पाच वेळा कळलंय त्याला सहाव्यांदा मन लावून कोण पाणी घालेल?

आणि समोर ती नवीन मुलगी. तिच्याबद्दल १९७४ मध्ये मार्लीन क्रेमर यांनी रिअ‍ॅलिटी शॉक असा शब्द वापरला, कॉलेजात शिकवलेलं नर्सिंग आणि प्रत्यक्षातलं नर्सिंग समोरासमोर आले की बसणारा धक्का. आधी थोडे दिवस नव्याची नवलाई, मग धक्का, सगळं खोटं आहे असं वाटणं, राग, रडणं, मग हळूहळू सावरणं. धक्क्याच्या काळात तिला जर तोंड फिरवलेली सिनियर मिळाली तर ती जाते. ती गेली की सिनियरचं अजून एक वर्ष वाया, तिची पाठ अजून ताठ. ती पाठ बघून पुढची मुलगी जाते. आणि एक दिवस सिनियर पण जाते. हे चक्र एकदा फिरायला लागलं की नुसती भरती करून थांबत नाही, कारण प्रत्येक भरती उरलेल्यांवर अजून एक शिकाऊ टाकते. फुटक्या रांजणात पाणी ओतण्यासारखं पण त्याहून वाईट, कारण इथे पाणी ओतल्याने भोक मोठं होतं.

याचा पेशंटशी संबंध नाही असं कुणाला वाटत असेल तर २००२ चा लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास बघा, पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं, ऑपरेशन झालेले सव्वादोन लाखांहून जास्त पेशंट. एका सिस्टरमागे एक पेशंट वाढला की पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, सिस्टरच्या बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून खचण्याची, २३ टक्क्यांनी आणि नोकरीवर नाराज असण्याची १५ टक्क्यांनी. हा एकत्र दिसणारा संबंध आहे, थेट कार्यकारण सिद्ध झालं असं नाही, पण युरोपातल्या नऊ देशांच्या २०१४ च्या अभ्यासातही मृत्यूचा तोच ७ टक्के आकडा आला तेव्हा योगायोग म्हणणं अवघड झालं. कॅलिफोर्नियाने तर १९९९ मध्ये कायदाच केला आणि २००४ पासून एका सिस्टरमागे जास्तीत जास्त किती पेशंट ते ठरवून टाकलं, आयसीयूत दोन, जनरल वॉर्डात आता पाच. चांगलंच आहे. फक्त रेशोमध्ये दहा वर्षांची सिस्टर पण एक आणि परवा स्वतंत्र झालेली पण एक, हे कोडं कायद्याने सुटत नाही.

मग हे वर कुणाला का दिसत नाही? कारण खर्च तुकड्यातुकड्यांत सांडलेला असतो. जाहिरात आणि इंटरव्ह्यू एचआरच्या खात्यात, ओव्हरटाइम पगाराच्या खात्यात, ओरिएंटेशन ट्रेनिंग विभागात, बाहेरून आणलेली एजन्सीची सिस्टर अजून चौथ्या ठिकाणी. आणि प्रीसेप्टरचा वेळ, पेशंटला उशिरा मिळालेलं औषध, उशिरा झालेला डिस्चार्ज, हे कुठल्याच खात्यात नाही. अकाउंट्सच्या त्या माणसाला मी म्हटलं होतं, तुमच्या टीममध्ये दर तीन महिन्यांनी एक नवीन माणूस बसवला आणि तुमची मार्च एंडची तारीख तीच ठेवली तर? त्याने पेन खाली ठेवलं. तेव्हा कुठे त्याला पटलं.

जगात नर्स कमी आहेत हे खरंच आहे, डब्ल्यूएचओच्या २०२५ च्या अहवालात २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख नर्स आणि तरी ५८ लाख कमी असा हिशोब आहे. त्यामुळे सगळा दोष मॅनेजमेंटच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण त्याच टंचाईत काही हॉस्पिटलं माणसं टिकवतात. हे १९८३ मध्येच कुणीतरी शोधलं होतं, अमेरिकेत नर्सेसची प्रचंड ओढाताण चालू असताना तिथल्या नर्सिंग अ‍ॅकॅडमीने उलटा प्रश्न विचारला, लोक का सोडतात हे सोडा, कुठे टिकतात ते बघू. १६३ हॉस्पिटलांतून ४१ निवडली, त्यांना मॅग्नेट म्हणजे लोहचुंबक हॉस्पिटलं म्हटलं. तिथे काय होतं? पुरेसा स्टाफ, ड्यूटीत लवचिकता, आणि वॉर्डाचा निर्णय घेताना वॉर्डातल्या नर्सला विचारणं. जादू काहीच नाही.

नवीन लोकांसाठी आता बऱ्याच ठिकाणी वर्षभराची नर्स रेसिडेन्सी असते, डॉक्टरांसारखी, महिन्यातून एकदा सगळ्या नव्या मुली एकत्र बसतात, अवघड केस बोलतात, रडायचं तर रडतात. पहिल्या वर्षात सोडण्याचं प्रमाण त्याने कमी होतं असा अनुभव आहे आणि मला ते पटतं, कारण दहाव्या आठवड्याला हात सोडला तरी खरा धक्का साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात बसतो, तेव्हा कुणी सोबत नसतं. पण सगळ्यांना रेसिडेन्सी परवडत नाही. ज्याला पैसे लागत नाहीत किंवा कमी लागतात अशा गोष्टी मी करून पाहिल्यात. नव्या मुलीला पहिले आठवडे एकच प्रीसेप्टर, आज ही उद्या ती नाही, कारण प्रत्येकीची पद्धत वेगळी आणि मुलगी फक्त गोंधळते. प्रीसेप्टरचा एक पेशंट कमी, निदान पहिला महिना, यासाठी मी भांडलेय, कधी जिंकले कधी हरले. नवीन मुलीला सहा महिने दुसऱ्या वॉर्डात उसनी द्यायची नाही, हे सगळ्यात जास्त मोडलं जातं, दुसरीकडे कुणी कमी पडलं की पहिली तिचीच उचलबांगडी होते कारण ती नाही म्हणत नाही. आणि ज्या प्रीसेप्टरने सलग दोन शिकवल्या तिला मध्ये सुट्टी.

ही शेवटची गोष्ट मला कुठल्या ट्रेनिंगमधून कळली नाही. राजीनाम्याच्या फॉर्मवर सगळ्या "वैयक्तिक कारण" लिहितात, त्यातून काही कळत नाही, म्हणून मी जाणारीला विचारायचं सोडून राहिलेल्यांना विचारायला लागले, की बाई, तुला अजून वर्षभर इथे थांबायला काय लागेल. मला वाटलं पगार म्हणतील. काहींनी म्हटलंच. पण बारा वर्षं झालेली एक सिस्टर, जिच्याकडे मी डोळे झाकून नवीन मुली द्यायचे, ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मॅडम, एक महिना माझ्या मागे कुणी नको. नुसते माझे पेशंट द्या."

दिला एक महिना. त्या वेळची नवीन मुलगी मी स्वतःकडे घेतली, आणि माझे महिन्याचे सगळे रिपोर्ट दोन आठवडे उशिरा गेले, त्यावरून मला मेमोही मिळाला. ती सिस्टर अजून त्याच वॉर्डात आहे.